सिद्रामप्पा सर औशाला तपासायला गेले त्याची गोष्ट

देगलुरात सिद्रामप्पा सर म्हटलं, की पानटपरीवाला सुद्धा विचारायचा, "कोण, नोट्सवाले का?" सर तिथल्या कॉलेजात भूगोल शिकवायचे. अंगानं सडसडीत, कपाळावर विभूतीच्या बारीक रेघा, आणि प्यांट घातली तरी चाल धोतरातलीच. वर्गात आले की खुर्चीवर बसायचे, डोळे मिटायचे आणि सांगायला लागायचे. घंटा झाली की डोळे उघडायचे. मधल्या वेळात पोरांनी मान खाली घालून लिहायचं. सांगण्यात मात्र कसूर नाही, बरं का. स्वल्पविराम कुठं, पूर्णविराम कुठं, कुठल्या ओळीखाली रेघ मारायची, सगळं तोंडानं सांगायचे. "हे दोनदा अधोरेखित करा, परीक्षेला हमखास." आणि ते परीक्षेला यायचंही! पोरं पास व्हायची, त्यांचे बाप खूश व्हायचे आणि दर निकालाला सरांच्या घरी पेढ्याची पुडी यायची. आता अशा माणसाला आपण काही चुकतोय असं वाटावं तरी कशावरून?

माणूस तसा सोन्यासारखा. खोड एकच. दुसऱ्याचं बरं झालेलं त्यांना पचत नसे. त्यांनी कुणाचं वाईट कधी केलं नाही, नुसतेच जळायचे. शेजाऱ्याच्या म्हशीला रेडी झाली, तर ह्यांच्या घशाखाली घास उतरेना, आणि ह्यांच्या दारात म्हैस बांधायची सोय सुद्धा नव्हती. मेव्हण्यानं फटफटी घेतली, तर "देवानं पाय कशाला दिले?" म्हणत सर आठवडाभर गावभर पायी हिंडले आणि नवी चप्पल झिजवून बसले. त्यांची बायको पार्वतम्मा तोंडाची फटकळ. ती म्हणायची, "गावाला दुष्काळात सरपण मिळंना, अन् तुमच्या पोटात बारा महिने जाळ. भाकरी तरी भाजून घेऊ का त्याच्यावर?"

त्यातच लातूर जिल्हा झाला. म्हणजे सरांच्या जखमेवर मीठच. "लातुरात हाय काय? आमच्या देगलूरच्या बाजारात तीन राज्यांची माणसं येतात, एका तोंडानं तीन भाषा बोलतात. जिल्हा व्हायचा तर आमचा!" असं ते हॉटेलात, देवळात, न्हाव्याच्या खुर्चीवर बसून सांगायचे. न्हावी म्हणायचा, "मान हलवू नका सर, जिल्हा तर गेलाच, आता कान बी जाईल."

जिल्हा झाला आणि पाठोपाठ पावसानं दगा दिला. एक साल गेलं, दुसरं गेलं, तिसऱ्याचीही आशा संपली. त्याच दिवसांत विद्यापीठानं एक योजना काढली. कॉलेजातलं शिकवणं सुधारायला ज्याच्याकडं काही नवी युक्ती असेल त्यानं दरखास्त करावी, विद्यापीठ खर्च देईल. सिद्रामप्पांनी दरखास्त केली. त्यांना टेपरेकॉर्डर पाहिजे होता. सर आजारी पडले तरी नोट्स आजारी पडू नयेत, टेप लावली की पोरांनी लिहून घ्यावं, अशी त्यांची सुधारणा! विद्यापीठानं ती नामंजूर केली.

मंजूर कुणाची झाली? औशाच्या कॉलेजातल्या पंचशीला वाघमारे यांची. आता ही पंचशीला कोण, तर सरांचीच विद्यार्थिनी! देगलूरच्या लिंबाजी वाघमाऱ्याची पोरगी. लिंबाजी मोंढ्यात, धान्याच्या पेठेत, हमाली करायचा आणि पोरगी शिकवायची म्हणून कुणाशीही भांडायचा. पोरगी शिकली, भूगोलाचीच प्राध्यापक झाली. सरांनी तेव्हा "शाब्बास" म्हणून निरोपही धाडला होता. पण शाब्बास म्हणणं वेगळं आणि तिला मंजूर, आपल्याला नामंजूर, हे गिळणं वेगळं. सरांच्या पोटातला जाळ पार छपराला लागला.

वर्षभरानं विद्यापीठाचं पत्र आलं. योजनेचा पोरांवर काय परिणाम झाला, हे बघायला त्याच विषयाचा, पण दुसऱ्या जिल्ह्यातला माणूस पाहिजे होता. औशाच्या योजनेसाठी नेमले कुणाला? सिद्रामप्पांना! परिणाम दिसला असं त्यांनी लिहिलं तर योजना पुढं चालणार, दिसला नाही असं लिहिलं तर तिथंच बंद.

सरांनी ते पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. पार्वतम्मा भाकरी थापत होती. ती म्हणाली, "आजवर फुकट जळत होता. आता सरकारी भत्त्यावर जळा."

सर उदगीरच्या गाडीत बसले, पुढं लातूर करून औशाकडं निघाले. खिडकीतून बघावं तर रान भाजलेलं, रोजगार हमीच्या कामावर बाया खडी फोडताहेत, टँकरमागं घागरींची रांग. पण सरांच्या नजरेत ते काही शिरेना. त्यांना दिसत होत्या पाट्या. जिथं थांबावं तिथं तीच पाटी, 'जिल्हा लातूर'. चुन्याचा एकच हात मारलेला, त्यामुळं खालचं जुनं 'उस्मानाबाद' अजून डोकावत होतं. "रंग तरी धड लावायचा," सर शेजारच्याला म्हणाले. "जिल्हा मिळाला, पण चुना पुरला न्हाई." शेजारचा निघाला लातूरचाच. तो म्हणाला, "चुना हाय की मुबलक, पाणी न्हाई कालवायला." सरांनी मग पाटी एकही सोडली नाही. वाटभर मोजून मोजून जळले.

औशाला कॉलेजात प्राचार्य शेषेरावांनी त्यांना केबिनमध्ये घेतलं, चहा मागवला आणि दार लोटून घेतलं.

"सर, तुमच्यासारखा जुना माणूस आला, आता मी सुटलो. ही बाई नोट्सच देत न्हाई!"

"म्हंजे? मग तासाला करते काय?"

"पोरांचे दोन फड पाडते अन् सवाल-जवाब लावते, तमाशातल्यावाणी. ह्यांनी सवाल टाकायचा, त्यांनी जवाब द्यायचा. अन् विद्यापीठाच्या खर्चातून काय घेतलं माहिताय? पाऊस मोजायचे डबे! पोरांच्या गावोगाव वाटले. पावसाचा पत्ता न्हाई, अन् पोरं रोज सकाळी उठून कोरड्या डब्यात डोकावतात. गावात मला तोंड दाखवायला जागा न्हाई. बाप येऊन म्हणतात, पोरगी कॉलेजातून येते अन् वही कोरी. तुम्ही फक्त लिवा, 'परिणाम न्हाई.' सोमवारपासून तिला नोट्सवर बसवतो. दुसऱ्या तुकडीला भुजंगराव शिकवतात बगा. कशा झकास नोट्स देतात!"

सरांना तो चहा फार गोड लागला.

पंचशीलाबाई व्हरांड्यात वाट बघत उभ्या होत्या. साधं सुती लुगडं, डोळ्यांत तीच जुनी धिटाई. "सर, दुसरं कुणी येणार असतं तर मला भीती वाटली असती," त्या म्हणाल्या. "तुम्ही आलात, बरं झालं. दुपारी घरी जेवायला या. ज्वारीची भाकरी अन् पिठलंच हाय, पण तिखट कमी घालते."

"माझा उपास हाय आज. सोमवारचा."

वार होता बेस्तरवार. बाईंनी क्षणभर त्यांच्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "बरं सर. मग शेंगा अन् केळी पाठवते." सरांना दिवसभर त्याच्यावर काढावा लागला. उपास कशाचा होता? थोडा जातीचा, बराचसा जळण्याचा. बाईंना दोन्ही कळलं, पण त्यांनी दोन्हीबद्दल शब्द काढला नाही.

सरांनी तपासणीची जी रीत ठरवली होती ती वरून बघता चोख होती. पेपर एक, तुकड्या दोन. एक तुकडी बाईंची सवाल-जवाबवाली, दुसरी भुजंगरावांची नोट्सवाली. कुणाचे गुण जास्त, ते बघायचं. पेपर सरांनी देगलूरहून स्वतः काढून आणला होता, खरी उत्तरं कोणती तेही स्वतः लिहून आणलं होतं, डोळे मिटून सांगायचे तसंच. पहिलाच प्रश्न होता, औसा तालुक्याची भौगोलिक माहिती लिहा.

दुपारी ग्रंथालयात बसून त्यांनी पेपर तपासले. भुजंगरावांच्या पोरांचे पेपर बघून त्यांना गहिवरून आलं. काय ती वाक्यं! जशी आपल्याच तोंडची! पहिली ओळ वाचली की सर गुण टाकायचे आणि पुढचा पेपर घ्यायचे. बाईंच्या पोरांचं मात्र भलतंच. कुणी आपल्या गावच्या विहिरीबद्दल लिहिलेलं, कुणी डब्याबद्दल, आणि पहिल्या प्रश्नाला तर जवळजवळ सगळ्यांना भोपळा. बेरीज झाली. नोट्सवाली तुकडी कितीतरी पुढं गेली होती. सरांचं मन फुटाण्यावाणी टणाटण उडायला लागलं. आता लबाडी करायचीही गरज नव्हती! आकडेच बोलत होते. 'परिणाम नाही,' आणि तेही अगदी इमानानं.

सर थेट तसंच लिहून गाडीला लागले असते तर ही गोष्ट सांगायला उरलीच नसती. पण जळणाऱ्या माणसाला नुसतं जिंकून भागत नाही. समोरच्याचं तोंड उतरलेलं बघायला लागतं. म्हणून सरांनी मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर परत द्यायला स्वतः बाईंच्या वर्गावर गेले. बाई मागच्या बाकावर जाऊन बसल्या.

पेपर वाटून झाले न झाले तोच एक पोरगी उठली. तिचं नाव सिंधू. "सर, मला एक इचारायचंय."

सरांना क्षणभर कळेना, ही कुणाशी बोलतेय. इतक्या वर्षांत वर्गात त्यांना असं कुणी म्हटलंच नव्हतं. "काय?"

"पहिल्या सवालाला मला भोपळा कामून दिला?"

"उत्तर चुकलं म्हणून."

"म्या लिवलं, औसा लातूर जिल्ह्यात हाय."

"आणि खरं उत्तर काय?" सरांनी सवयीनं डोळे मिटले. "औसा हा उस्मानाबाद जिल्ह्यातील अवर्षणप्रवण तालुका होय."

पोरांनी एकमेकांकडं बघितलं. मग मागून एक जण म्हणाला, "सर, रात्रीतून आमचा जिल्हा माघारी गेला का?" आणि काय हशा पिकला म्हणता! बाकं हलली.

आता बघा, हा माणूस उदगीरपासून औशापर्यंत 'जिल्हा लातूर' ह्या पाट्या बघून जळत आला होता. लातूरला जिल्हा मिळाला म्हणून त्यानं न्हाव्याचा वस्तरा कानापर्यंत येऊ दिला होता. पण नोट्सचं खातं वेगळं. नोट्स सांगताना डोळे मिटलेले, आणि मिटल्या डोळ्यांपुढं लातूर अजून तालुकाच! सरांचे कान लाल झाले. पण माघार कशी घ्यायची? ते म्हणाले, "हसू नका! शेजारच्या तुकडीत समद्यांनी बरोबर लिवलंय. बोलवा एकाला."

नरसिंग नावाचं एक गरीब पोरगं आलं. वर्गापुढं हात जोडून उभं राहिलं, देवळात राहावं तसं. "सांग रे," सर म्हणाले, "पहिल्या प्रश्नाचं उत्तर सांग."

नरसिंगनं डोळे मिटले आणि सुरू झाला, "औसा हा उस्मानाबाद जिल्ह्यातील अवर्षणप्रवण तालुका होय पूर्णविराम नवीन ओळ येथील पर्जन्य स्वल्पविराम मान्सूनच्या लहरीवर अवलंबून असते पूर्णविराम हे दोनदा अधोरेखित करा परीक्षेला हमखास खिडकी लावा रे धूळ येतीय पूर्णविराम..."

वर्ग लोळायचा बाकी राहिला. नरसिंग बिचारा डोळे मिटून पुढं चाललाच होता. सर मात्र जागीच थिजले. खिडकी! देगलूरच्या वर्गातली ती पश्चिमेची खिडकी, फळी तुटलेली. मग उलगडा झाला. सर मराठवाड्यातल्या एकेका तालुक्याच्या नोट्स सांगायचे, आणि भुजंगरावांचा मेव्हणा देगलूरला त्यांच्याच वर्गात शिकलेला. त्यानं सर बोलले तेवढं सगळं इमानेइतबारे उतरवलेलं. ते मेव्हण्याकडून भुजंगरावांकडं आलं आणि भुजंगरावांनी जसंच्या तसं पोरांना सांगितलं, खिडकीसकट! कालच्या पेपरांतही ही खिडकी होतीच. पण पहिली ओळ ओळखीची दिसली की सर पुढं वाचत कुठं होते?

खरं सांगायचं तर सरांना आधी आनंद झाला. आपल्या नोट्स लातूर जिल्ह्यापर्यंत पोचल्या! तो आनंद क्षणभर टिकला. मग त्यांनी नरसिंगकडं नीट बघितलं. मिटलेले डोळे, जोडलेले हात, चाललेलं तोंड. आरशात बघावं तसं वाटलं.

"बस बाळ," ते म्हणाले. "तुझी चूक न्हाई." मग वर्गाकडं वळले आणि काहीतरी बोलायचं म्हणून बोलून गेले, "आणखी कुणाला काही विचारायचंय?"

हातच हात! सिंधू तर उभीच होती. "सर, पुस्तकात लिवलंय मान्सून जूनमधी येतो. माझ्या डब्यात औंदा जून कोरडा, जुलै कोरडा. मग पेपरात म्या काय लिवायचं, पुस्तकातलं का डब्यातलं?"

सरांनी उत्तराला तोंड उघडलं आणि त्यांच्या ध्यानात आलं, की ह्याची नोट आपल्याजवळ नाही. ते अडखळत म्हणाले, "पुस्तकात जे असतं ती सरासरी असते..." लगेच डावीकडच्या फडातून एक जण ओरडला, "मग सरासरीनं तहान भागती का सर?" उजवीकडचा म्हणाला, "अरे, सरासरी नसली तर औंदा कमी पडला हे तरी कशावरून म्हणशील?" सर त्याच्या बाजूनं बोलले. डावीकडच्यांनी सरांना धरलं. सर फळ्याकडं गेले, खडू घेतला, ढग काढले, डोंगर काढले, पुसले, पुन्हा काढले. सदऱ्याची बाही पांढरी झाली. घंटा झाली, कुणी उठलं नाही. दुसरी घंटा झाली. देगलूरकडं जायची गाडी निघून गेली. सरांना पत्ता नाही.

मागच्या बाकावर पंचशीलाबाई शांत बसल्या होत्या. त्यांच्याकडं नजर गेली आणि सरांच्या पोटात असा जाळ उठला, की आजवरचे सगळे त्याच्यापुढं शेगडी वाटावेत. म्हैस, फटफटी, जिल्हा, मंजुरी, सगळं झूट. ह्या बाईला हे रोज मिळतं! रोज सकाळी हिच्यापुढं इतके हात वर होतात!

प्राचार्य दारातच उभे होते. त्यांनी सरांना केबिनमध्ये नेलं. "मग? गुण कमी पडले ना तिच्या पोरांचे?"

"कमीच पडले."

"झालं तर! लिवा अन् सही करा."

"पण पेपर माझाच चुकला हो. खरं उत्तर खोटं धरलं, खोट्याला गुण दिले."

"अहो, ते तुम्हाला अन् मला ठाऊक. विद्यापीठाला कोण सांगायला जातंय?"

सरांच्या हातात पेन होतं. लिहिणं सोपं होतं. 'परिणाम नाही' लिहिलं की बाई सोमवारी नोट्सवर आल्या, आणि मग जळायला काही उरणारच नव्हतं. ते बराच वेळ पेनाचं टोपण काढत आणि लावत बसले. शेवटी म्हणाले, "अख्ख्या वर्गाला ठाऊक हाय, शेषेराव."

"वर्ग काय करतोय?"

"हा वर्ग जाऊन विचारील! त्याला तेच तर शिकवलंय."

आणि त्यांनी लिहिलं. गुणांवरून निकाल लावता येत नाही, कारण प्रश्नपत्रिकेतच तपासणाऱ्याची चूक होती. परिणाम मात्र झाला आहे, तो आपण उभ्यानं सोसला आहे. योजना पुढं चालू ठेवावी. प्राचार्यांनी वाचलं आणि चहाचं नाव काढलं नाही.

दुपारच्या गाडीला बाई स्टँडवर पोचवायला आल्या. "सर, काय लिहिलं?"

"चालू ठेवा म्हणून लिवलं." सर गाडीच्या वाटेकडं बघत म्हणाले. "अन् खाली आणखी एक लिवलं. पुढच्या खेपेला तपासायला माझ्याऐवजी दुसरं कुणी धाडा."

"कामून सर?"

"मला सोसत न्हाई, पंचशीला. माझ्या वर्गात आजवर कुणी हात वर केला न्हाई."

बाईंनी सरांकडं बघितलं. मग हसल्या. "मी करायची की सर. पुष्कळदा. तुमचे डोळे मिटलेले असायचे."

गाडी आली. सर चढले, जागा मिळाली नाही, उभ्यानंच गेले.

घरी पार्वतम्मानं विचारलं, "बंद करून आलात का तिचं?" सर म्हणाले, "न्हाई. चालू करून आलो." तिनं हात पुढं करून सरांचं कपाळ चाचपलं. मग म्हणाली, "ताप हाय का अंगात?"

सोमवारी सर वर्गात आले. बसले नाहीत, उभे राहिले, डोळे टक्क उघडे. पोरांनी वह्या काढल्या, पेनं सरसावली. सर म्हणाले, "आज नोट्स न्हाईत. विचारा."

कुणी हलेना. सर वाट बघत राहिले. पंख्याची करकर ऐकू यायला लागली. शेवटी पहिल्या बाकावरच्या व्यंकटीनं घाबरत घाबरत हात वर केला.

"सर, 'विचारा' हे लिहून घ्यायचं का?"

दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. सिद्रामप्पा सरांचं तोंड मात्र असं फुललं, जसा दारात पेढा आला. "न्हाई बाळ, लिहायचं न्हाई," ते म्हणाले. "पण हा प्रश्नच झाला की! चल, आता दुसरा विचार."